चुकणाऱ्या गुरूचा शिष्य

१. पाटीवरील दोन अक्षरे

मुलास 'घ' आणि 'ध' ही दोन अक्षरे शिकविणे हे प्रत्येक मराठी शिक्षकाच्या अनुभवातील काम आहे. दोहोंची वळणे जवळजवळ सारखी. एकाच्या माथ्यावरून शिरोरेषा अखंड जाते. दुसऱ्याच्या माथ्यावर ती तुटते आणि तेथे लहानशी गाठ येते. एवढाच काय तो भेद. तथापि शिक्षक मुलास या भेदाची व्याख्या सांगत बसत नाही. तो पाटीवर अक्षर काढतो आणि त्याचे नाव उच्चारतो. हे पुष्कळ वेळा घडल्यावर मूल पूर्वी कधीही न पाहिलेल्या हस्ताक्षरातील 'घ' देखील ओळखू लागते.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या दिवशी शिक्षकाने घाईत 'ध' काढून 'घ' असा उच्चार केला, तरी मुलाचे शिक्षण बिघडत नाही. शंभर खऱ्या उदाहरणांत चार खोटी मिसळली तर मूल ती पचवून टाकते.

यंत्रास हे साधेल काय? चित्रे ओळखण्याचे काम आज संगणकांकडे सोपविले जाते. क्ष-किरण चित्रांतील रोगाची खूण, उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतील पिके, टपालावरील हस्तलिखित अंक, अशा अनेक गोष्टी यंत्रास 'पाहावयास' शिकविल्या जातात. त्यास शिकविण्यासाठी प्रत्येक चित्रास माणसे नाव देतात, आणि माणसे चुकतात. म्हणून चुकणाऱ्या गुरूपासून अचूक ज्ञान कसे मिळवावे, हा प्रश्न यंत्राच्या अध्ययनाच्या मुळाशीच आहे. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केलेले पी. एस. शास्त्री यांच्या संशोधनजीवनातून हा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. त्या प्रश्नाचा व त्याच्या उत्तरांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

२. संस्था आणि गुरुपरंपरा

भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. मुंबईचे उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी तिची कल्पना मांडली व तिच्यासाठी संपत्ती दिली; म्हैसूर संस्थानाने बेंगळुरूत भूमी दिली. या नगरातील जुनी माणसे तिला अद्यापही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखतात. विद्युत्-अभियांत्रिकी हा तिच्या आरंभीच्या विभागांपैकी एक होय. जनित्रे व विद्युत्वाहिन्या यांच्या अभ्यासासाठी निघालेल्या या विभागात पुढे नियंत्रणशास्त्र आले, आणि नियंत्रणशास्त्राच्या वाटेने यंत्रांच्या अध्ययनाचे शास्त्र आले.

ही वाट पाडणाऱ्यांत प्राध्यापक एम. ए. एल. ताताचार यांचे स्थान मोठे आहे. म्हैसूर विद्यापीठातून १९५९ साली पदवी घेऊन ते विज्ञान संस्थेत आले आणि १९६८ साली त्यांनी तेथेच नियंत्रणशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कुंपाटी नरेंद्र यांच्यासह त्यांनी १९७४ साली 'अध्ययनशील स्वयंचल' या विषयाचे विस्तृत समालोचन प्रसिद्ध केले. १९८९ साली दोघांनी त्याच विषयावर लिहिलेला ग्रंथ या क्षेत्रातील आधारग्रंथ ठरला.

शास्त्री हे ताताचारांचे शिष्य. त्यांनी प्रथम खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत भौतिकशास्त्राचा अभ्यास केला. त्यानंतर विज्ञान संस्थेत त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली व तेथेच डॉक्टरेटसाठी संशोधन केले. १९८६ पासून ते त्याच विभागात अध्यापन करू लागले. भौतिकशास्त्रातून आलेल्या विद्यार्थ्यास अनिश्चितता ही अडचण वाटत नाही. ती मोजावयाची राशी वाटते. पुढील संशोधनात ही दृष्टी स्पष्टपणे दिसते.

३. बक्षीस आणि मौन

अध्ययनशील स्वयंचल म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. एका यंत्रापुढे लाल व पांढरी अशा दोन कळा आहेत. कळ दाबली की समोरून 'शाबास' असे उत्तर येते किंवा काहीच येत नाही. लाल कळ दाबल्यास सरासरीने सहांपैकी चार वेळा शाबासकी मिळते. पांढरी दाबल्यास सहांपैकी दोन वेळा. म्हणजे चांगल्या कृतीसही कधी शाबासकी मिळत नाही आणि वाईट कृतीसही कधी मिळून जाते. यंत्रास ही प्रमाणे ठाऊक नाहीत. कोणती कळ चांगली, हे त्याने केवळ अनुभवावरून शोधावयाचे आहे.

सोव्हिएत गणितज्ञ त्सेत्लिन यांनी १९६१ साली अशा परिस्थितीतील साध्या यंत्रांचा अभ्यास मांडला. पुढे त्या यंत्रांस संभाव्यतेची जोड मिळाली. यंत्र प्रत्येक कळ निवडण्याची संभाव्यता स्मरणात ठेवते. आरंभी दोन्ही समान असतात. शाबासकी मिळाली की दाबलेल्या कळेची संभाव्यता थोडी वाढवावयाची. मौन असेल तर काहीही बदलावयाचे नाही. एवढाच नियम. शिक्षा न करता केवळ बक्षिसावर शिकविण्याची ही रीत आहे.

ती कशी चालते हे वर्गात करून पाहता येईल. एका पिशवीत पाच लाल व पाच पांढरे, सारख्याच आकाराचे मणी घ्यावेत. न पाहता एक मणी काढून त्याचा रंग पाहावा व तो परत टाकावा. ही यंत्राची निवड झाली. आता फासा टाकावा. निवड लाल असून फाशावर चारपर्यंतचा आकडा आला, अथवा निवड पांढरी असून दोनपर्यंतचा आकडा आला, तर 'शाबास' म्हणावे. शाबासकी मिळाल्यास पिशवीतून आणखी एक मणी काढावा. तो निवडलेल्या रंगाचा असेल तर परत टाकावा; दुसऱ्या रंगाचा असेल तर त्याच्या जागी निवडलेल्या रंगाचा मणी टाकावा. शाबासकी न मिळाल्यास पिशवीस हात लावू नये. हा क्रम चालू ठेवला की शेवटी पिशवीत एकाच रंगाचे मणी उरतात. यंत्राचा निर्णय झाला.

निर्णय बरोबर येण्याची शक्यता किती? दोन्ही रंगांचे मणी पिशवीत असेपर्यंत लाल मणी वाढण्याचा संभव पांढरा मणी वाढण्याच्या संभवाच्या दुप्पट असतो. त्यावरून गणित करता असे निघते की चार मण्यांनी (दोन व दोन) आरंभ केल्यास पाचांत एकदा निर्णय चुकतो. दहा मण्यांनी आरंभ केल्यास तेहेतीस वेळांत एकदा, आणि वीस मण्यांनी केल्यास एक हजार पंचवीस वेळांत एकदा चुकतो. मणी जितके अधिक, तितके प्रत्येक शाबासकीचे वजन कमी, आणि तितकी चुकीची शक्यताही कमी. मात्र निर्णयास वेळही तितकाच अधिक लागतो.

येथे एक मोठे तत्त्व हाती येते. गुरू प्रत्येक वेळी खरे बोललाच पाहिजे असे नाही. त्याच्या बोलण्याचा सरासरी कल सत्याकडे असला, आणि शिष्याने कोणत्याही एका शब्दावर एकदम विसंबून न राहता थोडथोडेच मन बदलले, तर शिष्य जवळजवळ निश्चितपणे सत्यापर्यंत पोहोचतो.

४. आठवण ठेवणारा शिष्य

वरील रीतीत सावधपणा आहे, पण तिचा वेग फार मंद आहे. यंत्र आलेली शाबासकी पिशवीत उतरविते आणि विसरून जाते. मागील सर्व अनुभवाचा हिशेब ते ठेवीत नाही.

ताताचार व शास्त्री यांनी आपल्या संशोधनात ही उणीव दूर केली. त्यांच्या योजनेतील यंत्र प्रत्येक कळेसाठी लहानशी वही ठेवते: ही कळ किती वेळा दाबली आणि त्यांपैकी किती वेळा शाबासकी मिळाली. या नोंदींवरून सध्या सर्वांत चांगली कळ कोणती दिसते याचा अंदाज ते करते, आणि संभाव्यता त्या कळेकडे वळविते. नुकतीच शाबासकी मिळालेली कळ आणि आजवरच्या हिशेबाने सरस ठरलेली कळ या दोन वेगळ्या असू शकतात. नवे यंत्र दुसरीचा पाठलाग करते. म्हणून या योजनेस 'पाठलाग-पद्धती' असे नाव मिळाले. ती जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ जलद निर्णयास पोहोचते.

यावरून असा बोध होतो की गुरू चुकणारा असेल तर शिष्याची स्मृती चांगली असली पाहिजे. एका दिवसाच्या पाठापेक्षा सर्व पाठांचे सार अधिक विश्वसनीय असते.

५. घन की धन?

आतापर्यंत एकच यंत्र व त्यापुढील दोन-चार कृती असा विचार केला. दृष्टीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. डोळा एका चित्रात एकाच वेळी शेकडो गोष्टी पाहतो आणि त्यांचे अर्थ परस्परांवर अवलंबून असतात.

संगणकापुढे चित्र येते ते संख्यांच्या चौकटीच्या रूपाने. चित्राचे लहान लहान ठिपके कल्पून प्रत्येक ठिपका किती उजळ आहे हे एका संख्येने दर्शविलेले असते. या संख्यांतून प्रथम रेषा व कडा शोधावयाच्या आणि मग कोणती रेषा कशाची आहे हे ठरवावयाचे. एखादी रेषा भिंतीची कड असू शकेल किंवा भिंतीवर पडलेली सावली असू शकेल. एकट्या रेषेकडे पाहून हे सांगता येत नाही; शेजारच्या रेषांचा आधार घ्यावा लागतो.

हा अनुभव वाचकांस वाचनातही येतो. ओल्या कागदावर शिरोरेषा पुसट झालेला शब्द दिसला, तर तो 'घन' आहे की 'धन' हे त्या शब्दाकडे पाहून ठरत नाही. आधीचा शब्द 'आकाशात' असेल आणि पुढे 'दाटले' असेल, तर 'घन' वाचावे; आधी 'पेटीत' आणि पुढे 'ठेवले' असेल, तर 'धन' वाचावे. आता कल्पना करा की हे शेजारचे शब्दही पुसटच आहेत. मग प्रत्येक शब्दाचा निर्णय इतर शब्दांच्या निर्णयावर टांगलेला राहतो. आरंभ कोठून करावयाचा?

अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठाचे आझ्रिएल रोझेनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली या प्रश्नावर एक रीत सुचविली. चित्रातील प्रत्येक भागास अनेक नावे तात्पुरती द्यावयाची, प्रत्येक नावास संभाव्यता जोडावयाची, आणि शेजाऱ्यांशी जुळणाऱ्या नावांची संभाव्यता हळूहळू वाढवीत न्यावयाची. ताताचार व शास्त्री यांनी १९८६ साली हा प्रश्न अध्ययनशील स्वयंचलांच्या भाषेत मांडला. चित्राच्या प्रत्येक भागाजवळ त्यांनी एक स्वयंचल बसविला. त्याच्या कळा म्हणजे त्या भागास देता येणारी नावे. प्रत्येक स्वयंचल एक नाव निवडतो; ते नाव शेजाऱ्यांनी निवडलेल्या नावांशी जितके जुळते, तितकी त्यास शाबासकी मिळण्याची शक्यता अधिक. शेजारी स्वतःच अजून शिकत असल्यामुळे ती शाबासकी पुष्कळदा चुकीची असते. तरीही पावले पुरेशी लहान असली तर सर्व स्वयंचल मिळून परस्परांशी सुसंगत अशा नामकरणावर येऊन स्थिरावतात, असे त्यांनी गणिताने दाखविले.

येथे गुरू वेगळा उरलेलाच नाही. सर्वच शिष्य, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा चुकणारा गुरू. या विचाराचा विस्तार चित्रांपलीकडेही झाला. १९९४ साली शास्त्री, व्ही. व्ही. फणसळकर आणि ताताचार यांनी असे सिद्ध केले की परस्परांच्या चाली वा लाभ मुळीच न जाणणारे खेळाडूही अशा सावध अध्ययनाने समतोलाच्या स्थितीस पोहोचू शकतात. हा समतोल म्हणजे जॉन नॅश यांनी १९५० साली वर्णिलेली स्थिती होय. तीत कोणाही एका खेळाडूस एकट्याने चाल बदलून लाभ होत नाही.

६. शंख आणि चक्र

बोटांवरील शंख व चक्रे मोजण्याची आपल्याकडील हौस जुनी आहे. त्याच रेषांचा उपयोग माणूस ओळखण्यासाठी करणारे कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली सुरू झाले. ठशांची संख्या लाखांत गेली की एका ठशाची जोडी शोधणे दुष्कर होते. म्हणून ठशांचे प्रथम मोठे वर्ग पाडतात: कमान, उंच कमान, डावा शंख, उजवा शंख आणि चक्र. मग शोध एका वर्गापुरताच करावा लागतो.

संगणकास हे वर्गीकरण शिकविण्यात अडचण अशी की ठसा क्वचितच स्वच्छ असतो. शाई कोठे दाट, कोठे फिकी. त्वचेवर घडी किंवा व्रण. रेषा मध्येच तुटतात, शेजारच्या रेषेस चिकटतात. शास्त्री व एक सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रेषा शोधणारा घटक आपल्याच निष्कर्षाकडे परत वळून पाहतो. एका ठिकाणी रेषेची दिशा अमुक असावी असा अंदाज झाला की तो अंदाज मागे पाठवून पहिल्या निरीक्षणाशी ताडला जातो. ज्यास आधार मिळतो ते टिकते, उरलेले पुसले जाते. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिसंस्थेत मेंदूच्या वरच्या थरांकडून खालच्या थरांकडे संदेश परत जातात. त्यांचे कार्य काय असावे, यावर शास्त्री व सहकारी यांनी १९९९ साली एक कल्पना मांडली होती.

घटनांच्या दीर्घ नोंदींतून वारंवार येणारे क्रम शोधण्याच्या पद्धतींवरही त्यांनी काम केले. कारखान्यातील यंत्रांच्या बिघाडांच्या नोंदी आणि मज्जापेशींच्या स्पंदनांच्या नोंदी या दोहोंस त्या लागू पडल्या. विषय निराळे, पण काम तेच: गोंगाटातून खरा क्रम वेगळा काढणे.

७. खोट्या चिठ्ठ्या

चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत यंत्राच्या अध्ययनाचे स्वरूप पालटले. चित्रांचे प्रचंड संग्रह उपलब्ध झाले. 'इमेजनेट' या नावाच्या प्रसिद्ध संग्रहात १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रे आहेत. त्यांस नावाच्या चिठ्ठ्या लावण्याचे काम आंतरजालावरून हजारो माणसांनी, अल्प मोबदल्यावर केले. इतक्या मोठ्या कामात चुका होणारच. अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ साली नामांकित अशा १० संग्रहांची तपासणी केली, तेव्हा परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या भागांतही सरासरी किमान ३.३ टक्के चिठ्ठ्या चुकीच्या आढळल्या.

हा दोष भयावह ठरतो तो नव्या यंत्रांच्या एका गुणामुळे. अनेक थरांची कृत्रिम मज्जाजाली इतकी सामर्थ्यवान आहेत की चिठ्ठ्या अगदी यदृच्छया लावल्या तरी ती त्या पाठ करू शकतात. २०१७ साली हे प्रयोगाने दाखविले गेले. घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे ती गुरूची चूकही मुखोद्गत करतात.

यावर शास्त्री यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह जे संशोधन केले, त्याचे मर्म एका हिशेबात सांगता येते. समजा १०० अक्षरे 'घ' व 'ध' या दोन गटांत लावावयाची आहेत, आणि चिठ्ठ्यांपैकी २० टक्के उलट्या लागल्या आहेत. एक नियम प्रत्यक्षात १०० पैकी १० अक्षरे चुकतो. दुसरा ३० चुकतो. आपल्याजवळ खऱ्या चिठ्ठ्या नाहीत. खोट्या मिसळलेल्या चिठ्ठ्यांवर परीक्षा घेतली तर काय दिसेल? पहिल्या नियमाने बरोबर ओळखलेल्या ९० पैकी १८ अक्षरे उलट्या चिठ्ठीमुळे चूक दिसतील. चुकलेल्या १० पैकी २ बरोबर भासतील आणि ८ चूक राहतील. एकूण चुका २६. याच रीतीने दुसऱ्या नियमाच्या १४ आणि २४ मिळून ३८ चुका दिसतील. दोघांचेही गुण बदलले, परंतु क्रम बदलला नाही. सरस नियम सरसच राहिला. उलट्या चिठ्ठ्या निम्म्याहून कमी असतील आणि त्या कोणत्याही अक्षराचा पक्षपात न करता विखुरल्या असतील, तर हा क्रम कधीच बिघडत नाही. म्हणून केवळ चुकांची संख्या मोजणारी परीक्षा खोट्या चिठ्ठ्यांनी फसत नाही. नरेश मनवानी व शास्त्री यांनी २०१३ साली हा निष्कर्ष गणिती सिद्धतेसह मांडला.

मग अडचण कोणती? चुकांची नुसती संख्या कमी करीत नेणे संगणकास कठीण जाते. नियमात किंचित बदल केला तर ती संख्या बहुधा हलतच नाही. त्यामुळे कोणत्या दिशेने जावे हे यंत्रास कळत नाही. एका मार्गाचे स्मरण येथे होते. स्वयंचलास उतार दिसण्याची गरजच नसते. तो शाबासकीवर चालतो. २०१० साली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलांच्या एका गटाकडून खोट्या चिठ्ठ्यांतूनही सरळ रेषेचा विभाजक शोधून दाखविला होता. पंचवीस वर्षांपूर्वीची विद्या नव्या प्रश्नास उपयोगी पडली.

परंतु मोठ्या मज्जाजालांस उतारावरूनच चालविले जाते. त्यांच्यासाठी चुकीवर गुळगुळीत दंड आकारतात. यंत्र चित्र पाहून प्रत्येक नावास संभाव्यता देते. चिठ्ठीवरील नावास दिलेली संभाव्यता जितकी कमी, तितका दंड अधिक. सर्वत्र रूढ असलेला दंड लॉगॅरिथमने मोजतात, आणि त्यास वरची मर्यादा नाही. संभाव्यता हजारात एक असेल तर दंड सुमारे ६.९, आणि दहा लाखांत एक असेल तर सुमारे १३.८. आता विचार करावा. यंत्राने स्पष्ट 'ध' पाहून पूर्ण खात्रीने 'ध' म्हटले आणि चिठ्ठी चुकून 'घ' लागली असेल, तर सर्वांत मोठा दंड नेमका येथेच बसतो. खरे बोलणाऱ्यास सर्वांत कठोर शिक्षा! अशा दंडाच्या धाकाने यंत्र खोटी चिठ्ठी पाठ करते.

अरित्र घोष, हिमांशु कुमार आणि शास्त्री यांनी २०१७ साली मज्जाजालांसाठी दंड कसा असावा याची अट मांडली. एका चित्रास शक्य असलेल्या सर्व नावांच्या चिठ्ठ्या आळीपाळीने लावून पाहाव्यात; यंत्राचे उत्तर काहीही असो, त्या सर्व दंडांची बेरीज कायम तीच आली पाहिजे. एक साधा दंड या अटीत बसतो: एकातून चिठ्ठीवरील नावाची संभाव्यता वजा करावयाची. दहा अंकांच्या ओळखीत सर्व संभाव्यतांची बेरीज १ असते, म्हणून दहा दंडांची बेरीज १० वजा १, म्हणजे नेहमी ९ येते. समप्रमाणात पसरलेल्या खोट्या चिठ्ठ्या मग प्रत्येक यंत्राच्या खात्यावर सारखाच बोजा टाकतात, आणि सरस-नीरसाचा क्रम अबाधित राहतो. दहा अंकांपैकी ८० टक्के चिठ्ठ्या चुकीच्या असल्या, तरी खऱ्या अंकास २० टक्के आणि उरलेल्या नऊपैकी प्रत्येकास सुमारे ९ टक्केच चिठ्ठ्या मिळतात. सत्य अल्पमतात असूनही कोणत्याही एका असत्याहून ते मोठे असते. त्यास शोधून काढणे शक्य आहे.

८. मर्यादा आणि तात्पर्य

प्रत्येक सिद्धान्त त्याच्या अटींसह वाचावा लागतो. वरील दंड सौम्य असल्यामुळे त्यावर शिकणारे यंत्र, विशेषतः नावांची संख्या मोठी असता, फार सावकाश शिकते असे आढळले. म्हणून २०१८ साली इतर संशोधकांनी कठोर व सौम्य दंडांचा मध्यममार्ग सुचविला. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ही सर्व गणिते चुका विखुरलेल्या आहेत असे मानून चालतात. गुरू एकाच दिशेने, एकाच गोष्टीविषयी, बहुतेक वेळा चुकत असेल, तर ती चूक राहत नाही; तो शिष्याच्या दृष्टीने नियमच होतो. प्रत्येक पुसट 'ध' हा 'घ' आहे असे सर्व चिठ्ठ्या सांगत असतील, तर कोणताही दंड यंत्रास सत्य दाखवू शकणार नाही. विखुरलेल्या प्रमादावर गणित उपाय करू शकते, पूर्वग्रहावर नाही. तेथे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसांनाच पुन्हा तपासावे लागते.

रोगनिदान करणारी वा माणसांची ओळख पटविणारी यंत्रे जेथे वापरली जातात, तेथे हा भेद केवळ पंडितांपुरता राहत नाही. यंत्र काय शिकले, हे विचारण्यापूर्वी त्यास कोणी शिकविले आणि तो गुरू कशा रीतीने चुकतो, हे विचारणे प्रत्येक सुजाण नागरिकास आवश्यक आहे.

शास्त्री यांनी वर्गात शिकविलेला आकृतिबंध-ओळखीचा विषय 'एन.पी.टी.ई.एल.' या राष्ट्रीय योजनेत चित्रमुद्रित व्याख्यानांच्या रूपाने सर्वांस खुला झाला. ताताचारांच्या प्रयोगशाळेत लहानशा कळांच्या प्रश्नापासून निघालेला विचार अशा रीतीने एका पिढीकडून दुसरीकडे, आणि तिच्याकडून तिसरीकडे गेला. विद्येच्या या परंपरेत गुरू निर्दोष असावा अशी अपेक्षा नव्हती. शिष्याने सावकाश पावले टाकावीत, मागचे विसरू नये, शेजाऱ्याशी ताडून पाहावे आणि खात्रीने बोलणाऱ्यास उगाच कठोर दंड करू नये, एवढेच मागणे होते. यंत्रासाठी काढलेले हे नियम पाटीपुढे बसलेल्या मुलासही गैरलागू नाहीत.

अभ्यासासाठी

१. मण्यांचा प्रयोग चार मणी व दहा मणी घेऊन प्रत्येकी वीस वेळा करा. निर्णय किती वेळा चुकला आणि प्रत्येक निर्णयास किती फासे टाकावे लागले, याचा तक्ता मांडा.

२. दोन्ही रंगांना फाशाच्या तीनपर्यंतच्या आकड्यास शाबासकी दिली, तर पिशवीत शेवटी काय उरेल? त्यास 'अध्ययन' म्हणता येईल काय?

३. १०० अक्षरांच्या हिशेबात उलट्या चिठ्ठ्या ५० टक्के आहेत असे माना. दोन्ही नियमांच्या किती चुका दिसतील? त्यावरून काय निष्कर्ष निघतो?

४. 'भ' व 'म' यांपैकी एक अक्षर पुसट झाल्यास अर्थ बदलेल असे दोन शब्द शोधा, आणि शेजारचे शब्द कसे साहाय्य करतात ते वाक्यांत दाखवा.